विडी सुटली म्हणजे अंग सुटतें काय ?

विडी सोडण्याचा उपदेश करणाऱ्यास अलीकडे एक नवेंच उत्तर ऐकावयास मिळतें. पूर्वींचें उत्तर साधें होतें : “सुटत नाहीं हो !” आतांचें उत्तर असें कीं, “सोडली असती. पण विडी सुटली म्हणजे अंग सुटतें.” हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत हट्टा नांवाचें गांव आहे. मुलूख काळ्या जमिनीचा. कापूस, ज्वारी आणि हळद पिकविणारा. अशा मुलखांत, ज्याच्या बरगड्या दुरून मोजाव्या असा मनुष्यहि विडी सोडलेल्या एखाद्या शेजाऱ्याच्या पोटाकडे बोट दाखवितो आणि खिशांतली काडेपेटी काढतो. सारा दिवस वांकून राबणाऱ्या मनुष्याला स्थूलतेचें भय वाटावें, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. त्या भयापायीं तो विडी ओढीतच राहतो, आणि पुढें विडी त्याचें काय करते हें आपण सर्वांनीं कोणाच्या ना कोणाच्या घरीं पाहिलें आहे.

हें भय त्याच्या घरचें नव्हे. तें दुसऱ्या देशांत, दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठीं, आणि माल खपविण्याच्या हेतूनें तयार झालें. त्या भयाची कुळकथा आज मला आपणांस सांगावयाची आहे. आणि तिच्या ओघांतच त्यांत खरें किती व त्यावर उपाय काय, हेंहि येईल.

प्रथम तंबाखूचीच कुळकथा. हट्टा ज्या जिल्ह्यांत आहे त्याच जिल्ह्यांत नरसी हें नामदेवमहाराजांचें गांव आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांत होऊन गेलेल्या नामदेवांनीं तंबाखूचें पान पाहिलें नव्हतें; तें त्या काळीं आमच्या लोकांस सर्वस्वीं अज्ञात अशा भूमींत होतें. आमच्या जुन्या वैद्यकांत धूमपान आहे खरें. धूमवर्ति कशी करावी आणि दिवसांतून कोणत्या वेळीं ओढावी, हें चरकानें सूत्रस्थानांत बारकाईनें सांगितलें आहे. परंतु ती वर्ति सुगंधी व औषधी द्रव्यांची होती. विडी ओढणाऱ्यानें त्या आधारावर चरकाला आपल्या पंक्तीस बसवूं नये. कोलंबस अमेरिकेच्या बेटांस १४९२ सालीं पोंचला, आणि पुढच्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून तंबाखू आमच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. सतराव्या शतकांत ती येथें इतकी रुळली कीं, तुकोबांच्या गाथेंत तंबाखू ओढणाऱ्याचा निषेध करणारा अभंग सांपडतो.

उत्तर हिंदुस्थानास मात्र ही वस्तु आमच्या दक्षिणेनेंच भेट दिली, आणि ती हकीगत सांगण्याचा मोह मला आवरत नाहीं. अकबर बादशहाचा असद बेग नांवाचा एक चाकर विजापूरच्या दरबारीं वकिलीस आला होता. तेथें त्यानें तंबाखू पाहिली. उत्तरेंत अशी वस्तु त्यानें कधीं पाहिली नव्हती. म्हणून १६०४ च्या सुमारास परत जातांना त्यानें ती बरोबर घेतली, आणि बादशहाला शोभेल असा सारा सरंजाम सिद्ध केला. नळी तीन हात लांब, दोन्हीं टोकांस रत्नें आणि मिना. ओठांत धरावयाचा भाग येमेनी अकीकाचा. जाळ धरावयाचें भांडें सोन्याचें. आदिलशहानें त्याला पानाची एक सुरेख पिशवी दिली होती. तींत त्यानें उत्तम तंबाखू भरली. आमच्या खेड्यांतील चंचीचा पूर्वज शोधावयाचा झाला तर या शाही पिशवीपर्यंत जातां येईल !

बादशहाची दृष्टि त्या चांदीच्या तबकाकडे गेली आणि त्यानें हें काय म्हणून विचारिलें. खान-इ-आझम यानें सांगितलें कीं, ही तंबाखू असून मक्का-मदिनेकडे प्रसिद्ध आहे, आणि हुजुरांसाठीं औषध म्हणून आणिली आहे. बादशहानें नळी भरावयास सांगितली आणि झुरका घेतला. लगेच राजवैद्य पुढें होऊन नको म्हणूं लागला. असद बेगाचें मन राखण्यासाठीं बादशहानें आणखी दोनतीन झुरके घेतले. मग वाद जुंपला. वैद्याचें म्हणणें, या द्रव्याविषयीं आमच्या ग्रंथांत एक अक्षर नाहीं. न पारखलेलें औषध राजाला कसें द्यावें? असद बेग म्हणाला, फिरंगी लोक कांहीं इतके मूर्ख नाहींत, त्यांच्यांतहि शहाणे आहेत. वैद्य म्हणाला, फिरंग्यांच्या मागें जाण्याची आम्हांस हौस नाहीं. त्यावर असद बेगानें सांगितलें कीं, जगांतली प्रत्येक चाल कधीं तरी नवीनच होती. वादांत असद बेग जिंकला असें तोच लिहितो; आत्मवृत्तांत वादी सहसा हरत नाहीं. अकबरानें तंबाखूची संवय लावून घेतली नाहीं. परंतु सरदारांनीं ती उचलली, व्यापाऱ्यांनीं ती विकावयास आणली, आणि पुढें थोड्याच वर्षांत, १६१७ सालीं, जहांगीर बादशहास तिच्यावर बंदी घालावी लागली. ती बंदी कितपत पाळली गेली हें आजच्या पानपट्टीकडे पाहून ठरवावें.

त्या वैद्याविषयीं मला आदर वाटतो. पारख झाल्यावांचून घेऊं नका, एवढेंच तो म्हणत होता. आणि खरी पारख होण्यास पुढें साडेतीनशें वर्षें लागलीं. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. असद बेगानें नळीचें वर्णन केलें, वाद लिहिला, फिरंग्यांचें शहाणपण सांगितलें. तंबाखूनें अंग सडपातळ राहतें हें मात्र त्यानें कोठें सांगितलें नाहीं. हा गुण जर त्या काळीं कोणाच्या मनांत असता, तर नवी वस्तु राजाच्या गळीं उतरविणाऱ्या या चतुर माणसानें तो सोडला नसता.

मग भुकेचा आणि तंबाखूचा संबंध कोणाला ठाऊक नव्हता काय ? होता, पण तो दरबारांत नव्हे, रानांत ठाऊक होता. स्पेनांतील सेव्हिल शहरचा वैद्य निकोलास मोनार्देस यानें १५७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथभागांत अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांची एक रीत वर्णिली आहे. ते लोक शिंपले जाळून त्यांचा चुना करीत. तंबाखूचें पान चावून त्यांत तो चुना मिसळीत, आणि वाटाण्याहून किंचित् मोठ्या गोळ्या वळून सावलींत वाळवीत. जेथें अन्नपाणी मिळावयाचें नाहीं अशा प्रदेशांतून जातांना ते एक गोळी खालच्या ओठाच्या आंत धरीत, आणि तीनचार दिवस भूक, तहान व थकवा यांची जाणीव होऊं न देतां चालत राहत. पान तेंच, चुना तोच, ओठाची जागाहि तीच ! डाव्या हातावर तंबाखू घेऊन उजव्या अंगठ्यानें चुना मळणाऱ्या आमच्या शेतकऱ्यानें मोनार्देसाचें नांव ऐकलेलें नाहीं. पण त्याची कृति त्या रानांतल्या वाटसरूच्या कृतीची सख्खी बहीण आहे, आणि हेतुहि पुष्कळ वेळां तोच आहे. दोन प्रहरची भाकर लांबणीवर पडली कीं चिमूट. रात्रीं पाण्याच्या पाळीवर जागावयाचें आहे, विडी. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून दिवस काढलेलीं माणसें मराठवाड्यांत अजून आहेत; भूक लांबविणें म्हणजे काय हें त्यांना कोणी सांगावयास नको.

हें कसें घडतें तें आतां बरेंच उलगडलें आहे. तंबाखूंतील निकोटीन हें द्रव्य पोसेल्ट आणि राइमान या दोघां जर्मन संशोधकांनीं १८२८ सालीं हायडेलबर्ग येथें प्रथम वेगळें काढलें. तें रक्तांत गेलें म्हणजे हृदयाची गति वाढते आणि शरीर निष्कारण कांहीं इंधन जाळतें. १९८६ सालीं स्वित्झर्लंडमध्यें मोजक्या धूम्रपानी लोकांवर केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, दिवसाला चोवीस सिगारेटी ओढल्यानें शरीराचा ऊर्जेचा खर्च सुमारें १० टक्के वाढतो. म्हणजे रोज दोनशें कॅलरींच्या थोडा वर. आपल्या मापानें सांगावयाचें तर ज्वारीची एक मध्यम भाकर. दुसरा परिणाम मेंदूवर. मेंदूच्या तळाशीं भुकेचें नियमन करणारा एक भाग आहे. निकोटीन तेथील कांहीं पेशी चेतवून ‘पोट भरलें’ असा खोटा निरोप देतें, हें येल विद्यापीठांतील संशोधकांनीं २०११ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दाखविलें. एकीकडे भाकर जाळावयाची आणि दुसरीकडे भाकर मागूं द्यावयाची नाहीं, असा हा दुहेरी कारभार आहे. घर उबदार ठेवण्यासाठीं आढ्याचीं लांकडें जाळावीं तशांतला हा प्रकार. अशा रीतीनें मिळालेल्या सडपातळपणाला प्रकृति म्हणतां येत नाहीं.

आतां त्या भयाच्या जन्माकडे वळूं. साल १९२८. अमेरिकेंत लकी स्ट्राइक नांवाची सिगारेट काढणाऱ्या कंपनीचा प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन हिल याला स्त्रियांमध्यें आपला माल खपवावयाचा होता. त्यानें जाहिरात काढली, तिचा आशय असा : मिठाईकडे हात जाऊं लागला तर त्याऐवजीं आमची सिगारेट घ्या. त्या काळीं तिकडील शहरांतून सडपातळ बांध्याचें वेड वाढत होतें. त्या वेडाला सिगारेटची जोड मिळाली. मिठाईवाले चवताळले. जाहिरातींतील चित्रें तर पाहण्यासारखीं असत. एखादी सुबक, सडपातळ आकृति पुढें, आणि तिच्या मागें तिचीच छाया. पण छाया मात्र लठ्ठ, दुहेरी हनुवटीची. आज तुम्ही असे आहांत, उद्यां तसे व्हाल, तेव्हां सिगारेट सोडूं नका, एवढें तें चित्र न बोलतां सांगे. सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशननें १९३० सालीं सिगारेटनें वजन उतरतें असा दावा करण्यास कंपनीस मनाई केली. मनाई झाली दाव्यास. छाया मनांत जाऊन बसली होती, तिला कोण मनाई करणार? विडी सोडलेल्या शेजाऱ्याच्या पोटाकडे बोट दाखविणारा आमचा मनुष्य, माझ्या मतें, त्याच छायेकडे बोट दाखवीत असतो.

त्याच १९३० सालीं हैदराबादेंत वझीर सुलतान टोबॅको कंपनीची नोंदणी झाली. तिची चारमिनार सिगारेट पुढें साऱ्या देशांत गेली. हट्टा तेव्हां निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत होतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें; १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत, आणि १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला. एवढ्या राजवटी आणि एवढे जिल्हे बदलले, विडी मात्र खिशांत तशीच राहिली. पण निजामी अमलांतला तो शेतमजूर विडी ओढी ती अंग सडपातळ राखण्यासाठीं नव्हे. सडपातळ राहण्याची व्यवस्था त्याच्यासाठीं इतरांनीं पुरेपूर केलेली होती. छायेचें भय येथें आलें तें फार मागाहून. छापील चित्रांतून, चित्रपटांतून, आणि आतां हातांतल्या फोनमधून. बैठें काम करणाऱ्या शहरी माणसांत तें प्रथम रुजलें आणि तेथून गांवीं आलें, असें मला वाटतें.

आपल्याकडील पारख मात्र आपल्याच माणसांनीं केली. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेथील डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह विडी ओढणें व तंबाखू चघळणें यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशीं असलेला संबंध तपासला; सांघवी, राव आणि खानोलकर यांचा तो निबंध १९५५ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाला. अकबराच्या वैद्यानें मागितलेली पारख ती हीच, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्यानंतरचें एक काम आपल्या प्रश्नाला थेट भिडतें. १९९१ पासून मुंबईंत डॉक्टर प्रकाश गुप्ता व त्यांचे सहकारी यांनीं ३५ वर्षें व त्यावरील वयाच्या हजारों नागरिकांची नोंद करून त्यांचा मागोवा घेतला. पहिल्या टप्प्यांत ९९,५९८ माणसें होतीं. या लोकांचीं वजनें व उंच्या पाहून २००६ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा कीं, तंबाखू कोणत्याहि रूपानें घेणाऱ्यांत प्रमाणाबाहेर कृश माणसें अधिक. आतां कोणी म्हणेल, कृश तर कृश. चरकानेंहि स्थूल आणि कृश या दोन निंद्य देहांपैकीं कृश बरा, असें म्हटलें आहे. पण मुंबईच्या नोंदींनीं यापुढची गोष्ट सांगितली. त्याच लोकांचे मृत्यु पाहतां अतिकृश माणसांत मरणाचें प्रमाण सर्वांत अधिक निघालें. आणि विडी ओढणाऱ्या पुरुषांत, कोणत्याहि प्रकारें तंबाखू न घेणाऱ्यांच्या मानानें, मृत्यूचें प्रमाण ६४ टक्के अधिक दिसलें. सिगारेट ओढणाऱ्यांत ३७ टक्के अधिक. विडी पानाची, म्हणून सौम्य, ही समजूत येथें कायमची मोडते. हट्ट्याकडच्या कृश विडीबाजाला मुंबईच्या या वह्या सांगतात तें हें : तुझ्या अंगावर चार शेर मांस चढलें तर तें तुझें शत्रु नव्हे, विडीनें नेलेलें तें परत आलें.

तथापि वजन वाढतच नाहीं असें मी सांगणार नाहीं. वाढतें. निरनिराळ्या देशांतील प्रयोगांची एकत्र मोजदाद करून २०१२ सालीं जो हिशेब ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आला, त्याप्रमाणें औषधावांचून धूम्रपान सोडणाऱ्यांचें वजन पहिल्या महिन्यांत सरासरी १.१ किलो, तीन महिन्यांत २.९ किलो आणि वर्षअखेर ४.७ किलो वाढलें. पहिल्या तिमाहींतच अर्ध्याहून अधिक वाढ होऊन जाते, पुढें ती मंदावते. पण सरासरी हा मोठा फसवा शब्द आहे. त्याच हिशेबांत शेंकडा १६ जणांचें वजन उलट घटलें, आणि शेंकडा १३ जणांचें दहा किलोंहून अधिक वाढलें. पारावर चर्चा होते ती या तेरांची. सोळांकडे बोट दाखवावयास कोणी जात नाहीं.

मधुमेहाविषयीं एक इशारा दिला पाहिजे. अमेरिकेंतील आरोग्यसेवकांच्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडून ज्यांचें वजन बरेंच वाढलें त्यांच्यांत कांहीं वर्षें मधुमेहाचा धोका वाढलेला दिसला; तो पांचसात वर्षांनीं कळसास पोंचून नंतर उतरला. मृत्यूचा धोका मात्र, वजन वाढो वा न वाढो, धूम्रपान चालूं ठेवणाऱ्यांपेक्षां कमीच राहिला. तेव्हां ज्याच्या घरांत मधुमेह आहे, किंवा ज्याचें काम दुकानाच्या गादीवर अथवा कचेरींतील खुर्चींत बसण्याचें आहे, त्यानें वजनाकडे लक्ष द्यावें हें योग्य. औत धरणाऱ्याला, हळद काढणाऱ्या बाईला ती चिंता करण्याचें कारण बहुधा पडत नाहीं.

लक्ष द्यावें म्हणजे उपाशी राहावें काय ? येथेंच पुष्कळांचा पाय घसरतो. विडी आणि भाकर दोन्हीं एकाच दिवशीं तोडणारा मनुष्य आठ दिवसांत विडीकडे परत येतो; कारण भूक आणि तलफ या दोघी एकमेकींच्या वेषांत येतात, आणि उपाशी माणसाला त्या ओळखूं येत नाहींत. १९९२ सालीं अमेरिकेंत धूम्रपान सोडण्याच्या शिकवणुकीला वजन रोखण्याच्या शिकवणुकीची जोड देऊन पाहिली; त्यापासून विडीमुक्तांची संख्या वाढली तर नाहींच, जोड उलटीच पडली. याहून बोधक प्रयोग २००१ सालचा आहे. वजनाची धास्ती घेतलेल्या स्त्रियांचे तीन गट केले. एकास केवळ धूम्रपान सोडण्याचें साहाय्य. दुसऱ्यास त्याबरोबर आहारनियमन. आणि तिसऱ्यास आहाराचें बंधन न घालतां एवढेंच समजाविलें कीं, थोडें वजन वाढणें हें भयंकर नाहीं. वर्षानंतर धूम्रपानापासून दूर राहण्यांत हा तिसरा गट सर्वांच्या पुढें निघाला; आणि गंमत अशी कीं, वजनहि याच गटाचें सर्वांत कमी वाढलें. १९२८ च्या त्या छायेवर याहून चांगला तोडगा मला ठाऊक नाहीं.

विडी सोडावयाची ती एकदम कीं हळूहळू, हा जुना वाद आहे. चरक हळूहळूच्या बाजूचा. अहितकर संवय चौथ्या-चौथ्या हिश्शानें सोडावी, आणि दर हिश्शानंतर एक, दोन, तीन दिवसांचें वाढतें अंतर ठेवावें, असा त्याचा क्रम आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील प्रयोगांत मात्र चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकीं शेंकडा ४९ टिकले, हळूहळू सोडणाऱ्यांपैकीं शेंकडा ३९. मी स्वतः एक दिवस नेमून एकदम सोडण्याच्या पक्षाचा आहें. पण ज्याला तें झेपत नाहीं त्यानें चरकाची वाट धरावी. ती वाट कांहीं खोटी नाहीं. तिच्यावरून शंभरांतील एकोणचाळीस पोंचलेच आहेत.

सोडल्यानंतर भाकर नेहमींइतकी, नेहमींच्या वेळीं खावी. तोंडाला चाळा लागतो. त्याला काकडी, गाजर, मुळा, भाजलेली बडीशेप, आवळकाठी, लवंग द्यावी. फरसाणाचा पुडा देऊं नये. पण खरा चोर चहा आहे. आमच्याकडे विडी आणि चहा हीं जोडीनें चालतात. विडी गेली कीं तिची रिकामी जागाहि चहाच बळकावतो. दिवसाला चार कप वाढले आणि कपांत दोन चमचे साखर असली, तर महिन्याला सुमारें एक किलो साखर पोटांत अधिक गेली. मग दोष विडी सोडण्याला ! चहा घ्यावयाचाच तर संख्या तीच ठेवावी, आणि घोट घेतांना बसण्याची जागा बदलावी; ज्या ओट्यावर बसून विडी ओढली तो ओटा कांहीं दिवस तलफेचें घर असतो. तलफ आली तर ती कांहीं मिनिटांत ओसरते; तेवढ्यांत उठून बांधापर्यंत चालत जावें. तासभर पायीं चालणें म्हणजे मघां सांगितलेली ती भाकर, जी निकोटीन फुकट जाळीत होतें.

आणि एक फसवणूक टाळावी. विडी टाकून चंची धरणारे लोक पुष्कळ. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं धूम्रपान करणारे शेंकडा ३.८ आढळले, आणि धुराविना तंबाखू घेणारे शेंकडा २४.४. म्हणजे आमच्याकडे धूर थोडा आणि चिमूट फार. स्त्रियांची मशेरी यांतच आली. विडीऐवजीं चिमूट धरणाऱ्याचें वजन वाढत नाहीं, आणि तो तें अभिमानानें सांगतो; पण निकोटीन त्याच्या रक्तांत पूर्वींसारखेंच आहे, फक्त तें ओठाच्या वाटेनें येतें. तंबाखू वगळून नुसती सुपारी चघळणाऱ्यासहि सूट नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें २००४ सालीं सुपारीचीहि गणना कर्करोगकारक वस्तूंत केली आहे. ज्याला वजनाचा हिशेब ठेवावयाचा असेल त्यानें विडी सोडण्याच्या दिवशीं प्राथमिक आरोग्य केंद्रांतील कांट्यावर एकदां उभें राहावें, आंकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, आणि महिन्यानें पुन्हां जावें. रोज जाऊं नये. तेथील डॉक्टरांना सोडल्याची तारीख सांगितली म्हणजे निकोटीनच्या गोळीची वा पट्टीची गरज आहे कीं नाहीं, हेंहि ते पाहतील. ती घेणाऱ्यांचें वजन घेत असेपर्यंत बहुधा कमी वाढतें, आणि सोडण्याचें कामहि सुकर होतें.